चिमणी घरी जाते

चिमणी जाणार हे मास्तरणीला चिमणीने सांगितलं नाही. सुपरवायझरने सांगितलं, तेही सहज, दारात उभं राहून, हातातल्या कागदावरची नजर न काढता.

"चिमणीच्या जागी जी येईल तिला मशीन तूच शिकव. महिनाभर आहे अजून, घाई नाही."

मास्तरीण पेशंटच्या गाउनला नाडी लावत बसली होती. तिने टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "शिकवते की."

"तुला माहीत होतं ना?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

सुपरवायझर गेली. मास्तरणीने पुढचा गाउन घेतला आणि नाडी उलट्या बाजूला शिवून टाकली. एकोणीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं.

हॉस्पिटलच्या तळघरात ही लिननरूम. वरच्या सगळ्या वॉर्डांच्या चादरी, अभ्रे, गाउन धुऊन इथे यायचे. फाटलेलं शिवायचं, उसवलेलं सांधायचं, घड्या घालून दहादहाच्या थप्प्या लावायच्या आणि ढकलगाडीतून वर पाठवायच्या. हे काम दोघी मिळून करत. दोघींची खरी नावं हजेरीच्या वहीतच उरली होती. घडीचा कोपरा बोटभर सरकला तरी चादर पुन्हा उलगडायला लावायची म्हणून एक मास्तरीण. दुसरी चांगली धिप्पाड, आवाज असा की लिफ्टमधल्या माणसाला तळघरातलं बोलणं ऐकू यावं. तिला कुणीतरी गमतीने चिमणी म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं. दोघी बाहेरगावच्या. मास्तरणीचं लग्न झालंच नव्हतं, चिमणीचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला होता. हॉस्पिटलपासून पंधरा मिनिटांवर एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, शेजारीशेजारी दोन खोल्यांत दोघी राहत. मधली भिंत इतकी पातळ की चिमणी शिंकली की मास्तरीण इकडून "औषध घे" म्हणायची.

त्या दिवशी चिमणी वॉर्डातून रिकामी गाडी ढकलत परत आली तेव्हा मास्तरीण चादरींच्या ढिगापाशी उभी होती.

"धर," ती म्हणाली.

मोठी चादर एकटीने नीट घडी होत नाही. दोघींनी समोरासमोर दोनदोन कोपरे धरायचे, ताणायचं, एकदा झटकायचं, लांबीत दुमडायचं आणि मग चालत एकमेकींजवळ येऊन टोकाला टोक भिडवायचं. दोन चादरी झाल्या. तिसऱ्या चादरीला टोकं भिडली तेव्हा मास्तरणीने ती सोडली नाही.

"कधी निघायचंय?"

चिमणीचा चेहरा पडला. "सुपरवायझर बोलली वाटतं."

"तिला सांगायचं होतं, मला नव्हतं?"

"तिला अर्ज द्यावा लागतो गं. तिला सांगणं सोपं होतं."

"आणि मी अवघड?"

"तू अवघडच आहेस," चिमणी म्हणाली. पण हसली नाही. "तीनदा सांगायला म्हणून तुझ्या दारात आले. एकदा तू कोबी चिरत होतीस, एकदा डोकं दुखत होतं तुझं. तिसऱ्यांदा काही नव्हतं, पण मीच काहीतरी भलतंच बोलले आणि परत गेले."

मग तिने सांगितलं. तिच्या थोरल्या भावाला, दादाला, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता, हे मास्तरणीला ठाऊक होतं. उजवा हात अजून उचलत नव्हता. वहिनी शाळेच्या कार्यालयात नोकरीला, मुलगी शिकायला दुसरीकडे. दिवसभर दादा घरात एकटा. वहिनीचे फोन येत होते.

"मग जायलाच हवं," मास्तरीण म्हणाली.

चिमणीने चादर तिच्या हातातून काढून घेतली आणि थप्पीवर ठेवली. "तुझ्याशी खोटं कशाला बोलू? दादाचं निमित्त झालं. मला जायचंच होतं. दोन वर्षं झाली, मनात तेच चाललंय."

दादाचं दुखणं मास्तरीण समजून घेऊ शकत होती. ही दोन वर्षं मात्र तिच्या जिव्हारी लागली. दोन वर्षांतल्या सगळ्या संध्याकाळी तिला आठवायला लागल्या, एकाच गॅसवर केलेला दोघींचा चहा, जिन्यातल्या गप्पा, चिमणीच्या खुर्चीत बसून बघितलेल्या मालिका, आणि त्या प्रत्येक संध्याकाळी ही बाई मनाने दुसरीकडेच बसलेली होती.

ती आठवडाभर कामापुरतंच बोलली. "धर." "ताण." "सोड." चिमणीनेही तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही, आणि त्याने तर मास्तरीण आणखीच चिडली. पुढे तिला या आठवड्याचा फार पश्चात्ताप झाला. मोजके दिवस उरलेले असताना तिने त्यातले सात फुगून बसण्यात घालवले होते.

आठव्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून धडाधड काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. मास्तरीण धावत गेली. चिमणी स्टुलावर उभी होती, माळ्यावरचे डबे खाली लोळत होते.

"हाडं मोडून घ्यायचीत का?"

"बोललीस!" चिमणी स्टुलावरूनच म्हणाली. "आधी माहीत असतं तर पहिल्याच दिवशी डबे पाडले असते."

त्यानंतर आवराआवरीचा ताबा मास्तरणीनेच घेतला. तिने यादी केली. न्यायचं काय, द्यायचं काय, टाकायचं काय. चिमणीचा जीव प्रत्येक वस्तूत अडकायचा आणि मास्तरीण ती वस्तू तिच्या हातातून काढून योग्य त्या ढिगात टाकायची. तळमजल्यावरच्या शिंप्याने खुर्ची नेली. समोरच्या आजींनी कुंड्या नेल्या. इस्त्री, पंखा, जाड पांघरूण, या तीन गोष्टी चिमणीला मास्तरणीलाच द्यायच्या होत्या.

"माझ्याकडे इस्त्री आहे."

"ती इस्त्री नव्हे, दगड आहे. गरम व्हायला अर्धा तास घेते."

"मला कुठे घाई असते?"

"घे गं. मला बरं वाटेल."

"तुला बरं वाटावं म्हणून मी दोन इस्त्र्या घेऊन बसू?"

चिमणीने पंखा आणि पांघरूण शिंप्याच्या बायकोला दिलं. इस्त्री दोन दिवस मास्तरणीच्या दाराशी पडून होती. तिसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात, परिचारिकांच्या खोलीत गेली.

याच दिवसांत मास्तरणीच्या मनात एक विचार आला. पहिल्यांदा आला तेव्हा तिने तो झटकून टाकला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ती बसमध्ये होती आणि तिचा थांबा मागे गेला. तिचं स्वतःचं असं घर कुठे राहिलंच नव्हतं. आईवडिलांमागे जुनं घर भाच्याकडे गेलं, त्याने ते विकून टाकलं, तिला फोनवर कळवलं. इथे तिला काय होतं? एक खोली आणि तळघर. शिवायला येत होतं, हातात ताकद होती, कुठेही पोट भरलं असतं. तिसऱ्या वॉर्डातली एक परिचारिका चिमणीच्याच भागातली होती. मास्तरणीने तिला एकदा, अगदी उडतउडत, विचारून घेतलं, "तुमच्याकडे हॉस्पिटल वगैरे आहे का गं?"

"आहे की, छोटंसं. पन्नासेक खाटांचं. का?"

"काही नाही. चिमणीच्या भावासाठी."

पन्नास खाटा म्हणजे चादरी किती, अभ्रे किती, हा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला. घरी येऊन तिने कपाटावरची सूटकेस खाली घेतली, धूळ पुसली, चेन दोनदा उघडून लावून बघितली. चेन चालत होती. तिला स्वतःचंच हसू आलं आणि घरात कुणी नसतानाही तिने ती घाईघाईने पुन्हा वर ठेवली.

रविवारी दुपारी दोघी चिमणीच्या खोलीत जमिनीवर बसून भांड्यांचं खोकं बांधत होत्या. खोली रिकामी झाल्यामुळे बोलणं घुमत होतं. चिमणीने सुतळी ओढून घेतली, पहिली गाठ मारली आणि म्हणाली, "बोट ठेव."

मास्तरणीने गाठीवर बोट ठेवलं. आणि खोक्याकडे बघतच ती म्हणाली, "मी आले तर?"

"कुठे?"

"तुझ्याबरोबर. तुझ्या गावी. वेगळी खोली बघेन मी. तिथे एक हॉस्पिटल आहे म्हणतात."

चिमणी गप्प झाली.

ती गप्प झाली ते फार वेळ नाही. एक श्वास घेऊन सोडावा, एवढंच. पण ही बाई झोपेतसुद्धा बडबडायची, हे मास्तरणीला भिंतीमुळे ठाऊक होतं. चिमणीच्या हातातली सुतळी सैल पडली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मास्तरणीने नेमकं मान वर केल्यामुळे बघितलं. राग नव्हता, नकारही नव्हता. शेवटच्या पायरीवर पोचलो असं वाटावं आणि पुढे आणखी एक जिना दिसावा, तसा तो चेहरा होता.

"ये की!" चिमणी एकदम मोठ्याने म्हणाली. "अगं ये ना! खोली कशाला, आमच्याकडेच... म्हणजे वहिनीला सांगायला लागेल, पण तिला काय, ती काही बोलायची नाही. पुढची खोली तशी दादाची आहे, पण—"

"गंमत केली गं."

"गंमत?"

"मी येऊन काय करू तिकडे? बोट सुन्न झालं माझं. मार ना गाठ."

चिमणीने गाठ मारली. मग दुसरं खोकं घेतलं. मास्तरीण नेहमीसारखी तिच्या गाठींना नावं ठेवत राहिली, आणि अंधार पडायच्या आत "कपडे भिजत घातलेत" असं सांगून आपल्या खोलीत गेली. कपडे भिजत घातलेले नव्हते. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. वाटीभर साखरही नाही. पन्नाशी उलटल्यावर एकदा मागितलं, आणि तेही असं, गाठीवर बोट ठेवून.

सकाळी कामाला जाताना चिमणी म्हणाली, "मी खरंच सांगते, तू ये."

"वेड लागलंय का तुला? सुपरवायझर दोघींना एकदम सोडेल होय?" मास्तरीण म्हणाली आणि दोन पावलं पुढे जाऊन चालायला लागली. तो विषय तिथेच मिटला.

निघायच्या आदल्या दिवशी लिननरूममध्ये चहा झाला. वरच्या वॉर्डांतून पाचसहा जणी आल्या. सुपरवायझरने चार शब्द बोलून चिमणीला घड्याळ दिलं. चिमणी रडली, हसली, सगळ्यांना मिठ्या मारल्या. मास्तरणीलाही मारली, पण मास्तरणीच्या हातात कप होता आणि चहा सांडला, मग सगळ्या पुसापुशीलाच लागल्या.

बस दुपारी बाराची होती. मास्तरणीने रजा टाकली होती. दोघी दोन तास आधीच बसस्थानकावर पोचल्या, कारण मास्तरीण बरोबर असली की दोन तास आधीच पोचायला होतं. सामान रचून दोघी बाकावर बसल्या. समोर एक माणूस फलाटावर पाणी मारत होता आणि दरवेळी यांच्याजवळ आला की दोघी पाय वर घ्यायच्या.

"गोळ्या कुठे ठेवल्यास?" मास्तरणीने विचारलं.

"पर्समध्ये."

"पाण्याची बाटली?"

"तुझ्याच हातात आहे."

पाणी मारणारा पुढच्या बाकाकडे सरकला. चिमणी म्हणाली, "त्या रविवारी—"

"कुठल्या?"

"नाटकं करू नकोस. तू विचारलंस आणि मी गप्प झाले."

"मी विसरले पण."

"मी नाही विसरले. रोज डोक्यात तेच." चिमणी आपल्या मोठ्या हातांकडे बघत होती. "तू नको होतीस असं नव्हतं गं. मला एकदा एकटीने जायचं होतं. तू असलीस की मी सगळं तुला विचारून करते. भाजी कुठली आणू, डॉक्टरला काय सांगू. चादर कुठल्या बाजूने धरायची तेसुद्धा."

"उलट्या बाजूने धरतेस म्हणून."

"बघ!"

दोघी हसल्या. पाणी मारणारा माणूस थांबून यांच्याकडे बघायला लागला.

"मग हे मला त्याच दिवशी सांगायचं होतंस," मास्तरीण म्हणाली.

"तुझं तोंड बघवलं असतं मला?"

मास्तरणीला बोलायचं होतं खूप. तू गेल्यावर मी सकाळी कुणाला हाक मारू, हे तिला विचारायचं होतं. पण घशाशी आलेलं तिने पाण्याबरोबर गिळलं. बाटलीतलं पाणी चिमणीचं होतं, हे नंतर लक्षात आलं, म्हणून ती उठून बाटली भरून घेऊन आली.

"रागावलीस?"

"थोडी."

"असू दे. थोडी असू दे."

बस लागली. सामान डिकीत गेलं. चिमणी पायरीवरून पुन्हा खाली उतरली, मास्तरणीला घट्ट धरलं, आणि या वेळी मास्तरणीच्या हातात काही नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "ताई, चला आता." चिमणी चढली. तिची खिडकी पलीकडच्या बाजूला होती. मास्तरीण बसला वळसा घालून पलीकडे गेली, तेवढ्यात बस मागे सरायला लागली आणि कुणीतरी तिला ओरडून बाजूला व्हायला सांगितलं. ती बाजूला झाली. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं. कुठल्यातरी एका खिडकीकडे बघून तिने हात हलवला.

रजा पूर्ण दिवसाची होती. घरी जायचं तिच्या जिवावर आलं. ती चालत हॉस्पिटलात गेली आणि तळघरात उतरली.

"आज रजा ना तुझी?" सुपरवायझरने विचारलं.

"काम पडलंय," मास्तरीण म्हणाली आणि मशीनवर बसली.

नवी बाई पुढच्या सोमवारी आली. कामसू होती, अबोल होती. तिने पहिल्याच दिवशी चादर मोठ्या टेबलावर पसरली, तळहाताने सरळ केली आणि एकटीनेच घडी घातली. घडी चांगली पडली. मास्तरणीने कोपरे तपासले, काही चूक काढता आली नाही.

"आधीच्या ठिकाणी असंच करायचो," नवी म्हणाली. "दोघींचा वेळ जात नाही."

ते खरंच होतं. थप्प्या लवकर लागायला लागल्या. मास्तरीण दिवसभर मशीनवर, नवी टेबलापाशी. कधीकधी तासभर कुणी काही बोलायचं नाही, वरून पाण्याच्या नळांचा आवाज तेवढा यायचा.

शेजारच्या खोलीत एक ट्रक चालवणारा राहायला आला. महिन्यातले वीस दिवस तो बाहेरच असायचा. भिंत गप्प झाली. मास्तरणीला एका संध्याकाळी शिंक आली आणि आपण पलीकडून काही येईल म्हणून थांबलो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. तिने उठून रेडिओ लावला. तो फार मोठा वाटला, म्हणून बंद केला.

रविवारी दुपारी चिमणीचा फोन यायचा. पहिल्या फोनला नुसता गोंधळ होता, मागे वहिनी बोलत होती, दादा काहीतरी विचारत होता. पुढच्या फोनांत चिमणी सविस्तर सांगायला लागली. दादाला ती सदऱ्याची बटणं लावायला शिकवत होती, डाव्या हाताने. दादा तिच्यावर ओरडायचा, ती त्याच्यावर ओरडायची, शेजारी घाबरायचे. तिला तिथे लहानपणीच्या नावाने हाक मारतात, सुरुवातीला तिला कळायचंच नाही की आपल्यालाच बोलावताहेत. आता कळतं. शाळेतली एक मैत्रीण भेटली. सकाळी दोघी तळ्यापर्यंत चालायला जातात.

"छान," मास्तरीण म्हणायची. तिला खरोखरच छान वाटायचं, आणि फोन लवकर ठेवावा असंही वाटायचं. "इकडे सगळं ठीक."

पाचव्या रविवारी चिमणीने नेहमीसारखं विचारलं, "आणि तू? कशी आहेस?"

मास्तरणीच्या तोंडात 'ठीक' आलेलंच होतं. खिडकीत उभी राहून ती खालचा रस्ता बघत होती. शिंप्याचं दुकान रविवारचं बंद होतं, त्याच्या पायरीवर कुणी नव्हतं.

"करमत नाही गं," ती म्हणाली.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"अजिबात करमत नाही. कामावरून आले की काय करायचं ते कळत नाही. जेवण एकटीचं करते, तेही उरतं. परवा जिन्यात उभी राहिले, कुलूप उघडायचं सोडून, आत जाववेना."

एवढं ती एका दमात बोलली आणि तिला धाप लागली. चिमणीने "होईल सवय" म्हटलं असतं तर तिने फोन ठेवून दिला असता. चिमणी तसं म्हणाली नाही.

"मग काय करू मी?" चिमणीने विचारलं. आवाज रडवेला झाला होता.

"काही नाही. तू काय करणार? तू आता तिथली. तुझं बरं चाललंय, ते तसंच चालू दे. मी फक्त सांगितलं."

"तू मला असं कधी काही सांगितलं नव्हतंस."

"शेजारी होतीस. लागलं नाही सांगायला."

पलीकडून दादाने हाक मारली. "जा," मास्तरीण म्हणाली. "तो ओरडेल."

"ओरडू दे. पुढच्या रविवारी काय सांगशील?"

"बहुतेक हेच."

"सांग. मी ऐकेन."

फोन ठेवला तेव्हा तीनच वाजले होते. रविवार अजून बराच शिल्लक होता. मास्तरणीने चहाचं आधण ठेवलं, मग गॅस बंद केला. चपला घातल्या आणि बाजारापर्यंत चालून यायला निघाली. आणायचं तसं काहीच नव्हतं.